नाचणाऱ्यांचा विमा

११ फेब्रुवारी १९९८

“पेलिकन कोव्हच्या रहिवाशांनो! ज्यांचे गुडघे वाजतात, ज्यांना दोन पायऱ्या चढून धाप लागते, आणि ज्यांना हेरॉन कंपनीनं आजवर एकदाही नाश्त्याला बोलावलेलं नाही, त्या सगळ्यांशी मला बोलायचं आहे.”

अशी सुरुवात. बरी आहे. ‘बोलावलेलं नाही’वर थांबायचं, लोकांकडे बघायचं, मग पुढे.

पुढचं जमत नाही. राग भरपूर आहे, वाक्यं नाहीत.

गोष्ट साधी आहे. मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना आहे. तो डॉक्टरचे आणि इस्पितळाचे पैसे देतो. घरी घ्यायच्या गोळ्यांचे देत नाही. आता ही हेरॉन विमा कंपनी आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आली आहे. म्हणते, सरकारला सोडा, आमच्याकडे या. गोळ्या फुकट, चष्मा फुकट, वर व्यायामशाळा फुकट. मात्र डॉक्टर आमच्या यादीतलाच. मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर आधी आमच्या छोट्या डॉक्टरची चिठ्ठी. बदल्यात सरकार कंपनीला माणशी ठरीव रक्कम देतं. नाचणाऱ्या माणसामागे जेवढी, जवळपास तेवढीच नाकात नळी घातलेल्या माणसामागे. मग कंपनीला कोण हवं असेल? शेंबड्या पोरालाही कळेल. पेलिकन कोव्हला, म्हाताऱ्यांच्या या वसाहतीला, कळत नाही!

सत्तर वर्षांचा अनुभव असलेली दोनशे डोकी, आणि सगळी फुकटच्या पॅनकेकवर विरघळली.

१२ फेब्रुवारी

वाचनालयातून विम्यावरची दोन जाडी पुस्तकं आणली. सकाळपासून एका जागी बसवत नाही. वाचते, उठते, अंगणात जाते, परत येते.

१८ फेब्रुवारी

आज हेरॉनच्या नाश्त्याला आगंतुकासारखी गेले. बुधवारचा चौकडीनाच. आमचा हॉल पुराच्या भीतीनं खांबांवर उभा केलेला आहे, जिना चढल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणजे हेरॉनला वेगळी चाळणी लावायचीही गरज नाही. वर पोचला तो चांगला. तासभर नाचून उभा राहिला तो त्याहून चांगला. आणि नाच संपला की घामेजलेल्या, हसऱ्या, लाल गालांच्या लोकांसमोर पॅनकेक आणि सह्यांचे कागद.

वेंडेल क्राउझे माइकवर होता. वसाहतीचा अध्यक्ष, आणि नाचाचे हुकूमही तोच देतो: “उजवा हात, डावा हात, जोडीदार बदला!” इंडियानात ट्रॅक्टर विकायचा. आवाज अजून तसाच, उधारीवर ट्रॅक्टर गळ्यात मारणारा.

मला बघून माइकवरूनच म्हणाला, “लाल बावटा आला. व्हर्ना, पॅनकेक खा आणि गप बस. क्रांती दुपारी कर.”

सगळे हसले. मीही हसले. सभेत हसायला न येणारा माणूस सभा हरतो.

कंपनीचा माणूस ब्रेंट हॅडली. पूर्वी शाळेत फुटबॉल शिकवायचा म्हणे. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अजून खेळाडू निवडल्यासारखाच बघतो. मी सरळ विचारलं, “क्लाइड बॅस्कमला का नाही बोलावलं? जिन्याच्या पायथ्याशी घर आहे त्याचं. ऑक्सिजनवर आहे.”

“मज्जाव कोणालाच नाही, मिसेस कोलेसर. कायद्यानं आम्ही कोणाला नाही म्हणू शकत नाही.”

“मग त्याच्या दारात टेबल का नाही मांडत?”

त्यानं माझ्या पॅनकेकवर पाक ओतला, अगदी प्रेमानं. “आम्ही कोणाला निवडत नाही. आम्ही फक्त कुठे उभं राहायचं ते ठरवतो.”

हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवलं. इतकं खरं बोलणारा मालक मी युनियनच्या चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

२३ फेब्रुवारी

ओपलकडे पत्ते. पाय सुजलेत तिचे, पोटऱ्यांवर बोट टेकलं की खड्डा राहतो. हृदय पाणी उपसत नाही नीट. अॅक्रनला टायरच्या कारखान्यात आम्ही दोघी एका पट्ट्यावर होतो. तिथून तिचा नवरा हार्लन आणि ती इकडे आली, मग मी आले. हार्लन गेला, पण त्याचा कारखान्याचा विमा तिच्या नावावर चालू आहे. निवृत्तांचा. त्यातून तिच्या हृदयाच्या गोळ्या येतात. त्या गोळ्या आहेत म्हणून ओपल आहे.

मी तिला सगळं भाषण ऐकवलं. ती पत्ते लावत राहिली.

“पटतंय का?”

“पटतंय गं. पण तुला राग आला की तू बरोबर असतेस की नुसती मोठ्यानं बोलतेस, ते मला कधी कळत नाही.”

“दोन्ही.”

“तेच तर. टाक पान.”

३ मार्च

वेंडेलचा खुबा गेला! नाचताना नव्हे, मोटारीतून उतरताना. हेरॉनचा छोटा डॉक्टर म्हणाला, आधी वेदनाशामक घ्या, मग व्यायाम, मग बघू. वेंडेलनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कंपनी सोडल्याच्या कागदावर सही ठोकली. पुढच्या एक तारखेपासून पुन्हा सरकारी विम्यात. टँपा शहरातला नावाजलेला सर्जन ठरलासुद्धा.

म्हणजे धडधाकट होता तोवर त्याच्या नावाचे पैसे कंपनीनं घेतले, आणि खुबा बिघडला तो सरकारच्या पदरात. येताना चांगले वेचून घेतात, आणि जाताना आजारी तेवढे आपसूक गळतात!

मी कुंपणावरून म्हटलं, “काय वेंडेल, जोडीदार बदलला?”

“बदलणारच. तुझ्यासारखं तत्त्वाशी लग्न नाही केलं मी.”

“तत्त्व निदान खुब्याच्या वेळी पळून जात नाही.”

“पण व्हर्ना, तत्त्वाला खुबा बसवता येत नाही.” आणि कण्हत आत गेला.

चांगलं बोलला मेला. चिडचिड झाली दिवसभर.

५ मार्च

सापडलं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा अॅक्रनच्या कारखान्यात माणसं संपावर बाहेर गेली नाहीत. आतच बसली. यंत्रं बंद, माणसं यंत्रांशेजारी. वडील त्यांत होते. मी आणि आई खिडकीतून भाकर आणि आंबवलेल्या कोबीचे तळलेले गोळे आत द्यायचो. बाहेर गेलं तर मालक दुसरे आणतो, आत बसलं तर काय करेल? उचलून फेकेल? यंत्र फुटेल त्याचं.

मग आपण हेरॉनच्या बाहेर राहून बोंबा का मारतोय? आत बसू या! कायदा म्हणतो, कोणाला नाही म्हणता येत नाही. ठीक. पेलिकन कोव्हमधलं प्रत्येक सुजलेलं, खोकणारं, साखर वाढलेलं म्हातारं माणूस एकाच बुधवारी सही करेल. त्यांनी निवडून निवडून गोड संत्र्यांची पेटी भरली आहे ना? आपण सगळी नासकी त्यात एकदम उतरू. मग कळू दे, म्हातारपण खरोखर कितीला पडतं ते.

 

९ मार्च

क्लाइडकडे गेले. त्यानं सिगारेट सोडली, सिगारेटनं त्याला सोडलं नाही. बाटली चाकांच्या गाडीवर, नळी नाकात. पण जीभ शाबूत.

“पुढारीणबाई, बेत झकास. पण मी तो जिना चढणार कसा?”

“उचलून नेऊ.”

“कोण?”

“नाचणारे.”

तो इतका हसला की खोकत सुटला. म्हणाला, “तू सांगतेस ना? मग झालं. अॅक्रनला अठ्ठेचाळीसच्या संपातही तूच सांगितलं होतंस.” त्यालाही कारखान्याचाच विमा आहे. त्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

ओपलनं मात्र विचारलं. “हेरॉनमध्ये जायचं तर हार्लनचा विमा सोडावा लागतो. आणि तो एकदा सोडला की परत मिळत नाही.”

“परत लागणारच नाही. गोळ्या हेरॉन देईल. तुला ते काढू शकत नाहीत, कायदा आहे.”

“तुला खात्री आहे?”

“आहे.”

“व्हर्ना, माझ्याकडे बघून सांग.”

मी बघून सांगितलं. आणि हेही म्हटलं की सगळे बसतात तेव्हा एकटी उभी राहिलेली बाई बसणाऱ्यांचा गळा कापते. अॅक्रनला हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. तिनं आपल्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं. येते.”

१८ मार्च

काय दिवस!

नाच चालू असतानाच आम्ही जिन्याशी जमलो. काठ्या, चौपायी आधार, चाकांच्या खुर्च्या. मी वर जाऊन नाच थांबवला आणि एवढंच म्हटलं, “खाली तुमचे शेजारी उभे आहेत. त्यांना वर यायचं आहे. हात कोणाकोणाला आहेत?” ओहायोचे दोघे भाऊ पहिले उतरले, त्यांच्या मागे सगळेच. क्लाइडला घडीच्या खुर्चीसकट उचलला, बाटली एका बाईनं तान्ह्या मुलासारखी कडेवर घेतली. वर पोचल्यावर क्लाइड म्हणाला, “वेंडेल, गाणं लाव. माझी पण एखादी जोडीदारीण असेलच की.” वेंडेल काठीवर टेकून उभा होता, नवा खुबा अजून बसवायचा होता. त्यानं खरंच गाणं लावलं.

ब्रेंटच्या टेबलासमोर जिन्यापर्यंत रांग. त्याचा चेहरा बघण्यासारखा. कागद संपले, मोटारीतून आणखी आणावे लागले. मी शेजारी उभी राहून प्रत्येकाला मोठ्यानं विचारत होते, “आजार कोणता?” आणि प्रत्येक जण मोठ्यानं सांगत होता. मधुमेह! फुप्फुसं! मूत्रपिंड अर्धं! आयुष्यभर ज्याची लाज वाटली ते लोक पदकासारखं सांगत होते.

ओपल खिडकीजवळ बसली होती, मान खाली, हातात पेन. मी लांबूनच विचारलं, “झाली?” तिनं मान डोलावली. मला भरून आलं. तीस वर्षं एका पट्ट्यावर काढलेली बाई!

ब्रेंट जाताना म्हणाला, “मिसेस कोलेसर, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे?”

“पुरतं,” मी म्हटलं.

१९ मार्च

पाय भरून आलेत. जिंकलो.

२ मे

हवेत जोडीनं उडणाऱ्या इथल्या काळ्या माश्यांचा सुळसुळाट. मोटारीच्या काचेवर चिकटून मरतात, पण जोडी सोडत नाहीत.

क्लाइडची तोंडात फुसफुस फवारायची औषधं फुकट येतात. नवा चष्माही आलाय, त्यातून तो पहिल्यांदा मला बघून म्हणाला, “अरेच्चा, तू म्हातारी झालीस की.” आणखी तीन वसाहतींनी मला बोलावलं. तिथेही तेच भाषण, तिथेही तशीच रांग. दोन ठिकाणी लोक उभे राहिले. घसा बसलाय, पण आनंद आहे.

आहे ना? बुधवारचा पॅनकेक बंद झालाय. ब्रेंट दिसत नाही. हेरॉनच्या यादीतला हृदयाचा डॉक्टर एकच, तोही तासाभराच्या अंतरावर. यावर आता वर्तमानपत्रात लिहीन. मालक गप्प बसला की मला चैन पडत नाही. ओरडणारा बरा, काय करतोय ते कळतं.

२६ जून

उकाडा. निम्मी वसाहत उन्हाळ्यापुरती उत्तरेला गेली.

ओपल अजून तिच्या जुन्या डॉक्टरकडेच जाते. मी म्हटलं, “हेरॉन त्याचे पैसे देणार नाही गं.” म्हणाली, “सवय आहे. बघू.” मी चिडले. आत बसायचं तर नीट बसावं.

ती म्हणाली, “तू जरा स्वस्थ बस बघू. लिंबू सरबत घे.”

१४ ऑगस्ट

पेट्रोल पंपावर ब्रेंट भेटला. वाळलाय. म्हणाला, “तुम्ही आमच्या विक्रीखात्यात असता तर आम्ही राज्य जिंकलं असतं.” मी म्हटलं, “पोरा, मी विकत नाही.” 

२ ऑक्टोबर

सकाळी रेडिओवर. हेरॉन आमच्या काउंटीतला कारभार एकतीस डिसेंबरला बंद करते आहे. ‘या भागातला खर्च अपेक्षेबाहेर गेला.’ शेजारच्या काउंटीत चालू राहील. तिथे टेनिसची मैदानं जास्त आहेत.

एकालाही काढलं नाही त्यांनी. कायदा पाळला. सगळी काउंटीच सोडून दिली.

मी उभीच होते, चहा गार झाला. कारखान्यात वडील यंत्राशेजारी बसले तेव्हा यंत्राचे पाय जमिनीत गाडलेले होते. आम्ही ज्याच्याशेजारी बसलो ते यंत्र नव्हतं. घडीचं टेबल होतं. दुमडलं, मोटारीत टाकलं, गेले. आणि गाडलेली यंत्रंसुद्धा पुढे दक्षिणेत गेलीच की, अॅक्रन ओस टाकून! हे मी पंचवीस भाषणांत सांगितलं आहे. मी!

क्लाइड गोल्फच्या गाडीतून आला, बाटली शेजारच्या आसनावर, पट्टा लावलेली.

“काय पुढारीणबाई, मालक पळाला?”

“पळाला.”

“म्हणजे आपण जिंकलो म्हणायचं.” हसला. “जाऊ दे. जानेवारीत परत कारखान्याच्या विम्यात. जुनं ते सोनं.”

 तो गेल्यावर लक्षात आलं, मी मान डोलावली होती.

५ ऑक्टोबर

अॅक्रनला फोन. निवृत्तांच्या विम्याचं कार्यालय. एक बाई, गोड आवाजाची, तिच्या मागे कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. म्हणाली, “सोडलेला विमा परत सुरू होत नाही, मॅम. कोणत्याच कारणासाठी नाही.” मी बोलले. फार चांगलं बोलले. हार्लनच्या यंत्रात गेलेल्या बोटांबद्दल, क्लाइडच्या काजळी भरलेल्या फुप्फुसांबद्दल, त्या इमारतीचे पैसे कोणाच्या घामाचे त्याबद्दल. ती रडायला लागली. मग पुन्हा तेच म्हणाली.

सरकार परत घेईल. डॉक्टर मिळेल, इस्पितळ मिळेल. गोळ्या नाहीत. काउंटीत गोळ्या देणारं दुसरं कोणीही नाही. ओपलच्या गोळ्या.

वेंडेल काठी टेकत आला. आज टोमणा नाही. पायरीवर बसला. “आम्ही नाचणारे उडी मारून कुठेही जाऊ गं. तुझ्या लोकांचं काय?”

“माहीत नाही.”

“तुझ्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं,” म्हणाला, आणि बसून राहिला.

ओपलच्या दाराशी दोनदा जाऊन परत आले. पडद्यामागून ती दिसत होती, भांडी पुसत. ‘व्हर्ना, माझ्याकडे बघून सांग.’

६ ऑक्टोबर

पुन्हा ओपलकडे गेले. बोलायला लागते आणि दारातच थांबते. आयुष्यात शब्द कमी पडले नव्हते.

७ ऑक्टोबर

ओपलला सांगितलं. उभ्यानंच. तिनं मला खाली बसवलं आणि म्हणाली, “मी सही केली नव्हती. पेन नुसतं हातात धरून बसले होते.”

सात महिने खोटं बोलली! एकटी उभी राहिली. अशा माणसाला आमच्याकडे एकच शब्द होता, फुटीर, आणि तो मी स्वतः भिंतींवर रंगवलाय. आज तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, सुटल्यासारखी. ती फुटीर निघाली म्हणून वाचली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू ऐकलं असतंस?” केसांवरून हात फिरवत म्हणाली. मग म्हणाली, “क्लाइडनं सही केली, व्हर्ना. मी शेजारीच होते. त्यानं कागद वाचलासुद्धा नाही.”

तो अजून जानेवारीची वाट बघतोय.

वही मिट, बाई. भाषण करू नकोस. ऊठ, रस्ता ओलांड, क्लाइडचं दार वाजव, आणि त्याच्याकडे बघून सांग.